मांडूच्या कबरी, धार-देवासच्या छत्र्या

इजिप्तमध्ये लक्सोरला गेलेल्या प्रवाशाला जागेची वाटणी लगेच कळते. कर्नाकसारखी थोर देवळे नाईलच्या पूर्व काठावर आणि राजांची थडगी पश्चिमेच्या डोंगरात. माळव्यात धार आणि देवासच्या परिसरात अशी वाटणी नाही. इथे मशिदीत देवळाचे खांब उभे आहेत, महालात शिवलिंग आहे आणि मराठा राजांची स्मारके देवळांच्या घाटाची आहेत.

धार ही परमारांची, राजा भोजाची राजधानी. दिलावरखान घोरीने 1405 मध्ये बांधलेल्या लाट मशिदीत जुन्या देवळांचे खांब सरळ दिसतात. तिला नाव मिळाले ते लोखंडी लाटेवरून. या प्रचंड स्तंभाचे तीन तुकडे तिथे पाहायला मिळतात.

दिलावरखानाचा मुलगा होशंगशाह याने राजधानी मांडूला नेली. धारपासून सुमारे 35 किलोमीटरवरच्या या गडावर सर्वांत आधी त्याचीच कबर पाहावी. होशंगशाह 1435 मध्ये वारला. वास्तू पूर्ण केली नंतरच्या सुलतान महमूद खिलजीने, 1440 च्या सुमारास. चौरस जोते, मधोमध मोठा घुमट, चार कोपऱ्यांना लहान घुमट आणि सगळे पांढऱ्या संगमरवरात. आत उजेड येतो तो दगडी जाळ्यांतून गाळून. शेजारच्या लांब ओवरीचे खांब मात्र थेट देवळाच्या मंडपातले वाटतात.

या कबरीवरून ताजमहालाचा नमुना घेतला, असे तिथे हमखास ऐकायला मिळते. दाराच्या चौकटीवरचा लेख वेगळे सांगतो. 1659 मध्ये शाहजहानच्या पदरचे चार वास्तुकार इथे आले, त्यांत ताजच्या उस्ताद अहमदचा मुलगा लुत्फुल्लाह होता. ताज तेव्हा बांधून झाला होता. म्हणजे हे लोक शिकायला आले नव्हते. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना मान द्यायला आले होते. नमुन्याच्या कथेपेक्षा ही हकिकत कितीतरी सुंदर आहे.

समोरच्या जामी मशिदीपलीकडे अशरफी महाल आहे. मदरशाच्या या इमारतीवर महमूद खिलजीने स्वतःची कबर उठवली आणि मेवाडवरच्या विजयासाठी 1443 मध्ये सात मजली मनोरा उभारला. दोन्ही ढासळले; आज रुंद पायऱ्या आणि जोते तेवढे उरले. त्याच मेवाडच्या राणा कुंभाचा चितोडचा विजयस्तंभ मात्र शाबूत आहे. खिलजी घराण्याच्या कबरींना आणखीही भोग आले. बापाला विष दिल्याचा ज्याच्यावर आरोप होता, त्या नासिरुद्दीनच्या कबरीला जहांगीरने 1617 मध्ये लाथ मारली आणि अस्थी नर्मदेत टाकायला लावल्या. हे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

नीलकंठ पाहायला दरीच्या कडेने पायऱ्या उतराव्या लागतात. अकबराच्या सुभेदाराने बांधलेला हा महाल आता शंकराचे स्थान आहे. झऱ्याचे पाणी दगडात कोरलेल्या नागमोडी पन्हाळीतून वाहते, भिंतीवर फारसी लेख आहेत आणि गाभाऱ्यात रोज पूजा होते. जुलै ते सप्टेंबर या काळात गेल्यास दरी धुक्याने भरलेली असते.

1730 च्या सुमारास धार-देवासचा हा मुलूख मराठा पवारांकडे आला. त्यांच्या छत्र्या धारला मुंज सागराच्या काठी, तर देवासला मिठा तलावाजवळ आहेत. मराठा छत्री दहनस्थळी किंवा अस्थींवर उभी राहते आणि तिच्यात सहसा शिवलिंग असते. म्हणून ती पाहताना पादत्राणे बाहेरच ठेवावीत. देवासला तुकोजीराव आणि जिवाजीराव या भावांच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात होत्या. 1948 पर्यंत गाव त्यांच्यात वाटलेले होते. टेकडीवरही दोन देव्या आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा; लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे 1921 मध्ये खासगी सचिव राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांनी 1953 साली देवासवरच्या पुस्तकाला या टेकडीचेच नाव दिले.

इंदूरला मुक्काम ठेवला तर देवास एका दिवसात होते. मांडूला मात्र किमान एक रात्र काढावी, कारण होशंगशाहच्या कबरीवरचा सकाळचा उजेड दुपारी पोहोचणाऱ्याला मिळत नाही.