श्रवणतंतूवरील गाठ आणि लेसरचा किरण

कानामागच्या कठीण हाडातून मेंदूकडे जाणाऱ्या, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यात ऐकण्याचा, तोल सांभाळण्याचा आणि चेहरा हलवण्याचा असे तिन्ही मज्जातंतू एकमेकांना खेटून असतात. आणि तोलाच्या तंतूच्या वेष्टनातून एखादी गाठ उद्भवली, म्हणजे ती कर्करोगाची नसूनही, केवळ त्या मुलखात जागा नसल्यामुळे, प्रथम त्या बाजूची श्रवणशक्ती हिरावते आणि पुढे वाढली तर थेट मस्तिष्कस्तंभावर दाब आणते.

या गाठींवरील हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांचा ग्रंथ १९१७ चा, आणि ज्या तत्त्वावर लेसर उभा आहे ते मांडणारा आइन्स्टाइन यांचा निबंधही त्याच सुमाराचा. परंतु या दोन प्रवाहांची गाठ पडण्यास अर्धशतक लोटावे लागले. १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध करणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले व पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही, याची मला खंत वाटते.

या लेसरच्या १०.६ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांना पाणी तत्काळ शोषून घेते, आणि शरीराच्या पेशी बव्हंशी पाण्याच्याच असल्यामुळे, किरण जेथे पडेल तेथील अत्यंत पातळ थराची वाफ होते व खालचा थर बहुतांशी अबाधित राहतो. किरण अदृश्य, म्हणून त्याच्या सोबतीला लक्ष्य दाखवणारा तांबडा किरण सोडतात. आणि आसपासच्या नाजूक भागांच्या बंदोबस्तासाठी ओल्या कापसाच्या पट्ट्या अंथरतात, कारण जे पाणी गाठीचा नाश घडवते तेच येथे ढालीचे काम करते.

खरा लाभ आहे तो स्पर्शावाचून काम होण्याचा. मोठ्या गाठीवर चेहऱ्याचा तंतू फितीसारखा ताणून पसरलेला असतो, आणि गाठ चिमट्याने ओढली की तो हिसका त्या तंतूपर्यंत पोहोचतो. लेसरने मात्र गाठ आतून पोखरून तिचे कवच सैल पाडता येते. तंतूच्या हद्दीजवळ आल्यावर उष्णतेची जोखीम पत्करण्यात अर्थ नसतो, म्हणून तेथे किरण थांबतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हत्यारांनी कवच सोडवले जाते. रुग्णाच्या चेहऱ्याच्या स्नायूंत बसवलेल्या सुया तंतूला धक्का लागताच यंत्रातून आवाजाने इशारा देतात. एवढे करूनही तंतूला घट्ट चिकटलेला पापुद्रा सुटेनासा झाला, तर तो तसाच ठेवून पुढे वर्षानुवर्षे एमआरआयने त्यावर नजर ठेवण्याचा निर्णय काही वेळा घेतला जातो, आणि रुग्णाला पापणी मिटता यावी व ओठ नीट हलवता यावेत म्हणून घेतलेला तो निर्णय मला सर्वथा योग्य वाटतो.