युक्रेनमधलं अपडेट, न्हावा शेवातले कंटेनर

२७ जून २०१७. हिशेबाचं एक सॉफ्टवेअर युक्रेनमध्ये विषारी झालं आणि उरणजवळ न्हावा शेवातल्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. संगणकांवरचं काम माणसांना हातानं करावं लागलं. कुठलं कीव्ह आणि कुठलं न्हावा शेवा!

त्या विषाचं नाव नॉटपेट्या, आणि त्याची वाट थक्क करणारी होती. युक्रेनमध्ये करभरणीसाठी ‘एम-ई-डॉक’ हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोर त्याच्या अपडेट पाठवणाऱ्या यंत्रणेतच शिरले. म्हणजे ज्यांनी नेमानं अपडेट घेतलं, त्यांच्याकडे ते पोचलं. आत आल्यावर मात्र ते विंडोजच्या ज्या भोकातून पसरलं, ते मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच बुजवलं होतं. ती दुरुस्ती, म्हणजे पॅच, न लावलेले संगणक सहज सापडले. पॅच लावलेलेही सगळे वाचले नाहीत, कारण शेजारच्या संगणकातून चोरलेले पासवर्ड त्याला पुरत होते. अपडेट घेण्याचा धोका आणि न घेण्याचा धोका, दोन्ही एकाच दिवशी!

कुठल्याही ॲपच्या पोटात परक्यांनी लिहिलेल्या कितीतरी लायब्रऱ्या असतात, त्यांच्या पोटात आणखी. प्रोग्रॅमर त्यांना डिपेंडन्सी म्हणतात. त्यांच्या अपडेटबाबतही हाच पेच पडतो. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत असं भोक सापडलं की, बाहेरून आलेली एक खास ओळ नोंदवली गेली तरी सर्व्हर परक्याचा कोड चालवू लागे. तिथं अपडेट न घेता थांबणं परवडणारं नव्हतं. मार्च २०२४मध्ये नेमकं उलट घडलं: फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांतच चोरदरवाजा निघाला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं तो शोधला. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर आवृत्तीत जुनं एक्सझेड होतं, म्हणून ती सुरक्षित राहिली.

डेबियनची रीत मला फार आवडते. स्थिर आवृत्तीत ते शक्यतो लायब्ररीची नवी आवृत्ती उचलत नाहीत. भोक बुजवणाऱ्या तेवढ्या ओळी जुन्या आवृत्तीत आणून बसवतात. बाकीच्यांनी आधी बघावं: भोकाचा भाग आपण वापरतो का, आणि कुणी त्यातून शिरू लागलंय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर अपडेट त्याच रात्री. नसेल तर काही दिवस चाचणीच्या प्रतीवर चालवून मग. घाईतही चाचण्या तयार हव्यातच; लॉगफोरजेची २.१५ ही दुरुस्ती अपुरी पडली, मग २.१६ आली, पाठोपाठ २.१७, सगळं त्याच डिसेंबरात.