सहलीचा शेवटचा दिवस

मुलांनो, केरळच्या पश्चिमेस अरबी समुद्रात लक्षद्वीप बेटे आहेत. पाठीवर हवेची टाकी बांधून व प्रशिक्षकासोबत बुडी मारून तेथील प्रवाळ आणि रंगीत मासे जवळून पाहता येतात.

तेथे जायचे असेल तर पावसाळा टाळा, परवाना आधीच काढा आणि शेवटचा दिवस मोकळा ठेवा. असे का? समुद्रात दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. या दाबामुळे श्वासातील नायट्रोजन वायू रक्तात विरघळतो. आकाशात उंचावर दाब कमी होतो. सोड्याची बाटली उघडताच जसे बुडबुडे येतात, तसे ते रक्तात येतात. सांधे दुखतात, कधी प्राणही जातो. म्हणून शेवटच्या बुडीनंतर किमान 18 तास, शक्यतो 24 तास, विमानात बसू नका.