भागीदार गेला, पेढी चालूच

२६ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा रंगमंच रिकामा होता. ऐकू येत होता तो केवळ ड्रमचा ठेका. मागच्या प्रचंड पडद्यांवर एका शांत, काहीशा अलिप्त चेहऱ्याच्या माणसाची छायाचित्रे एकामागून एक उमटत होती. तो माणूस चार्ली वॉट्स. जानेवारी १९६३ पासून अठ्ठावन्न वर्षे या वाद्यवृंदाचा ताल सांभाळणारे वॉट्स ३३ दिवसांपूर्वी, २४ ऑगस्टला, लंडनमध्ये वयाच्या ८० व्या वर्षी निवर्तले होते. काही क्षणांनी मंडळी रंगमंचावर आली, गाणे सुरू झाले आणि वॉट्स यांच्या जागी न्यूयॉर्कचे स्टीव्ह जॉर्डन बसलेले दिसले. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी तो दौरा आपल्या दिवंगत सहकाऱ्याला अर्पण केला. पुढच्या दोन महिन्यांत ठरलेले कार्यक्रम पार पडले.

या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी पाहिले गेले. काहींना त्यात कर्तव्यनिष्ठा दिसली, तर काहींना जेमतेम महिना उलटताच गल्ला उघडण्याची घाई. दोन्ही मतांत थोडे थोडे तथ्य आहे. परंतु मुख्य प्रश्न भावनेचा नाही. प्रेक्षक तिकीट काढतो ते कोणाचे? माणसांचे की नावाचे? आणि नावाचे असेल, तर त्या नावाचा मालक कोण?

ख्यातीचे मूल्य

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा वाटू नये. भागीदारी संस्थेचा एखादा भागीदार निवृत्त झाला किंवा मरण पावला, म्हणजे हिशेबाच्या वहीत काय काय करायचे हे त्याला पाठ असते. इमारत, यंत्रे, शिल्लक माल यांची किंमत ठरवणे सोपे असते. अवघड असते ती 'ख्याती'. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात न जाता याच दुकानात का येते, याचे उत्तर ज्या न दिसणाऱ्या मालमत्तेत असते, ती ख्याती. ती भागीदारांनी मिळून कमावलेली असते, आणि म्हणूनच जाणाऱ्या भागीदाराचा तिच्यात वाटा धरला जातो.

रॉक वाद्यवृंदाजवळ या ख्यातीशिवाय फारसे काही नसते. वाद्ये बाजारात मिळतात, रंगमंच भाड्याने मिळतो, उत्तम वादकही मिळतात. मिळत नाही ते नाव. रोलिंग स्टोन्सची जीभ बाहेर काढलेली ती प्रसिद्ध मुद्रा १९७० मध्ये जॉन पाश या कलाविद्यार्थ्याने काढली आणि तिचे त्याला आरंभी ५० पौंड मिळाले. पुढे २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ते मूळ चित्र आपल्या संग्रहासाठी खरेदी केले. अर्धशतकाच्या गायनवादनाने त्या एका चित्राला जे मोल आले, तीच ख्याती.

वॉट्स यांचा त्या ख्यातीतील वाटा किती, हे आकड्यांत सांगता येणार नाही. पण तो कानांना कळतो. ते मूळचे जॅझ संगीताचे भक्त, व्यवसायाने जाहिरात चित्रकार. रॉकमधील आक्रस्ताळेपणा त्यांच्या वादनात नव्हता. पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांवर चाललेला त्यांचा उजवा हात, डावा हात मधल्या ढोलावर पडण्याच्या क्षणी, किंचित मागे सरत असे. या लकबीमुळे त्या आघाताला जागा मिळे आणि ठेक्याला एक डौल येई. सामान्यतः वाद्यवृंद ड्रमच्या मागून चालतो. येथे रिचर्ड्स यांची गिटार पुढे जाई आणि ड्रम तिला सांभाळून घेई. तबल्याची साथसंगत ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला यातील मर्म चटकन उमगावे. ७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर आणि त्याआधी तीन दिवस बंगळूरला या मंडळींचे कार्यक्रम झाले, तेव्हा भारतीय श्रोत्यांनीही तो ठेका प्रत्यक्ष ऐकला आहे.

थांबणारे आणि चालणारे

सहकारी गेल्यावर काय करावे, याची उत्तरे निरनिराळ्या वाद्यवृंदांनी निरनिराळी दिली. लेड झेपेलिनचे ड्रमवादक जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी वारले आणि त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी वाद्यवृंद विसर्जित केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसीचे गायक बॉन स्कॉट निधन पावले. त्यांनी ब्रायन जॉन्सन यांना घेतले, जुलैमध्ये नवी ध्वनिमुद्रिका काढली आणि ती आजवरच्या सर्वाधिक खपाच्या ध्वनिमुद्रिकांत गणली जाते. क्वीनचे फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेले. अनेक वर्षांनी उरलेल्या दोघांनी ॲडम लॅम्बर्ट या तरुण गायकासह दौरे सुरू केले. पण फलकावर 'क्वीन' आणि 'ॲडम लॅम्बर्ट' यांच्यामध्ये बेरजेचे चिन्ह ठेवले. त्या एका चिन्हात बराच विवेक आहे. नवा माणूस जुन्याची जागा घेत नाही, तो शेजारी उभा राहतो, असे ते चिन्ह सांगते. कॅनडाच्या रश या वाद्यवृंदाचे नील पिअर्ट जानेवारी २०२० मध्ये निवर्तले. त्यांचे दोघे साथीदार पाच वर्षांहून अधिक काळ थांबले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी जर्मनीच्या अनिका निलेस यांना ड्रमवर घेऊन पुढील वर्षीचा दौरा जाहीर केला.

यांतील एकच उत्तर बरोबर आणि बाकीची चूक, असे म्हणणे धाडसाचे होईल. नाटक कंपन्यांचा इतिहास ठाऊक असलेला मराठी वाचक तर असे म्हणणारच नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तरी किर्लोस्कर नाटक मंडळी चालली. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि चार वर्षांनी त्याच मंडळीत बालगंधर्व आले. मंडळी थांबली असती, तर रंगभूमीचे नुकसानच झाले असते.

दौऱ्यावाचून गत्यंतर नाही

तथापि वृद्ध वादक घरी बसण्याऐवजी पुन्हा पुन्हा दौऱ्यावर का निघतात, याचे कारण केवळ कलासक्तीत शोधणे भाबडेपणाचे ठरेल. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोएन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील विचार साधा आहे. कारखान्यात यंत्रे सुधारली की कमी श्रमांत अधिक माल निघतो. चार वादकांनी अर्ध्या तासात वाजवायची रचना मात्र शंभर वर्षांपूर्वीही चार वादकांचा अर्धा तास घेत होती आणि आजही तेवढाच घेते. इतर क्षेत्रांत वेतने वाढतात तशी येथेही वाढवावी लागतात. उत्पादकता मात्र तेथेच राहते. शिक्षक आणि परिचारिका यांच्या व्यवसायांनाही हाच नियम लागू पडतो.

ध्वनिमुद्रिकेने या कोंडीतून वाट काढली होती. एकदा वाजवले की लाखो घरांत विकता येत असे. १९९९ नंतर सुमारे पंधरा वर्षे ध्वनिमुद्रित संगीताचे जागतिक उत्पन्न घसरत गेले. प्रथम फुकट नकलांनी आणि मग इंटरनेटवरील स्वस्त श्रवणाने गाण्याची किंमत पाण्याच्या नळासारखी झाली. डेव्हिड बोवी या गायकाने २००२ मध्येच हे भाकीत करून, यापुढे कलावंतांना दौऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागेल, असा इशारा दिला होता. नक्कल होत नाही ती प्रत्यक्ष उपस्थितीची. म्हणून भाव चढला तो उपस्थितीला.

आणि येथेच विरोधाभास उभा राहतो. प्रेक्षक उपस्थितीसाठी पैसे मोजतो, पण ज्यांच्या उपस्थितीने नाव झाले ती माणसे एकेक करून कमी होत जातात. रोलिंग स्टोन्सच्या २०२४ च्या उत्तर अमेरिकन दौऱ्यात साडेआठ लाखांच्या आसपास तिकिटे खपली आणि सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर जमा झाले. म्हणजे तिकिटामागे सरासरी पावणेतीनशे डॉलर पडले. १९८१ मध्ये यांच्याच दौऱ्याला एका अत्तर कंपनीने आश्रय दिला होता. २०२४ मध्ये आश्रयदाती संस्था होती एएआरपी, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांची संघटना! प्रेक्षकाला स्वतःचे तारुण्य तासादोन तासांसाठी परत हवे असते आणि त्यासाठी तो सढळ हाताने खर्च करतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील शिक्षण अर्धवट सोडून गाण्याकडे वळलेल्या जॅगर यांना मागणीचा हा नियम कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

बदली वादकाचे पद

येथवर तक्रार करण्यासारखे फारसे नाही. प्रेक्षकाला कोण गेले आणि त्यांच्या जागी कोण आले हे ठाऊक असते. फसवणूक कोणाचीच होत नाही. जॉर्डन यांची निवडही परकी नव्हती. ते १९८० च्या दशकापासून रिचर्ड्स यांचे सहकारी होते. ऑगस्ट २०२१ मध्ये उपचारांनंतर विश्रांतीची गरज पडली, तेव्हा आपल्या जागी तात्पुरते बसण्याची विनंती स्वतः वॉट्स यांनीच त्यांना केली होती. तात्पुरती बदली काही आठवड्यांत मृत्यूने कायमची केली. २०२३ च्या ध्वनिमुद्रिकेत दोन गाण्यांवर वॉट्स यांचे वादन आहे आणि उरलेल्यांवर मुख्यतः जॉर्डन यांचे, आणि तसे ते नावानिशी नोंदवलेले आहे. हा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे.

अडचण आहे ती पुढच्या पायरीवर. जॉर्डन वाजवतात, पण ते रोलिंग स्टोन्सचे सभासद नाहीत. वॉट्स यांच्यानंतर अधिकृत सभासद तिघेच धरले जातात. जॅगर, रिचर्ड्स आणि १९७५ मध्ये आलेले रॉनी वुड. वुड यांनासुद्धा पुरा भागीदार होण्यास दीर्घकाळ पगारी सहकारी म्हणून काढावा लागला. बास गिटारवादक बिल वायमन यांनी १९९३ च्या सुमारास वाद्यवृंद सोडला. त्यांच्या जागी आलेले डॅरिल जोन्स तीन दशके प्रत्येक दौऱ्यात वाजवत आले आहेत. ब्रेबर्नवरही बास त्यांचाच होता. तरीही छायाचित्रात ते नसतात. ही रीत आरंभापासूनची आहे. संस्थापकांपैकी एक, पियानोवादक इयन स्टुअर्ट यांना १९६३ मध्ये अधिकृत संचातून वगळण्यात आले, कारण त्यांचे रूप व्यवस्थापकाच्या कल्पनेतील चित्राशी जुळत नव्हते. त्यानंतर १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच वाद्यवृंदाचे सामान वाहण्याची व्यवस्था पाहत होते आणि वेळ पडेल तेथे पियानोही वाजवत होते.

या वादकांना मोबदला उत्तम मिळत असणार यात शंका नाही, आणि त्यांनी ही व्यवस्था समजून उमजून पत्करलेली आहे. परंतु मोबदला आणि मालकी या भिन्न गोष्टी होत. ज्या महाविद्यालयांत आणि कार्यालयांत माणसे वर्षानुवर्षे हंगामी म्हणून राबतात, तेथील वाचकाला हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. काम तेच, जबाबदारी तीच, हजेरीपटावरचा रकाना मात्र वेगळा. ख्याती टिकवण्याचे श्रम सर्वांचे आणि ख्यातीतील वाटा मोजक्यांचा, अशी ही रचना आहे. म्हातारपणी दौऱ्यावर निघालेल्या वादकांत नफ्याची हाव शोधण्यापेक्षा टीकाकारांनी याकडे लक्ष दिले, तर ते अधिक न्याय्य होईल.

यावर एक उत्तर संभवते. ज्यांनी प्रारंभीची अनिश्चिततेची वर्षे सोसली, नावाला धोका पत्करला, त्यांचाच हक्क मोठा. हे मान्य. १९६३ मध्ये या उद्योगाला भविष्य आहे असे कोणीही सांगू शकले नसते. पण धोका पत्करण्याचा मोबदला अनंतकाळ चालू राहावा काय? २०२१ नंतर हे नाव उभे राहिले त्याचे कारण, ड्रमच्या आसनावर बसून, प्रत्येक रात्री एका दिवंगताशी तुलना होणार हे जाणून, कोणीतरी वाजवायला तयार झाले. अनुकरण केले तर नक्कल म्हणून हिणवायचे आणि स्वतःचे काही केले तर परंपरा बिघडवली म्हणायचे, अशा पेचात सापडलेल्या माणसाने पेललेला हा धोका मूळ भागीदारांच्या धोक्याहून निराळा असला, तरी लहान नाही.

म्हणून वाद्यवृंदाने थांबावे की चालावे, हा प्रश्न त्या मंडळींवर आणि त्यांच्या श्रोत्यांवर सोपवणेच योग्य. चालायचे ठरवले, तर मात्र दोन पथ्ये पाळावीत. जो गेला त्याची जागा उघडपणे रिकामी दाखवावी. सेंट लुईसच्या रंगमंचावर ते पथ्य पाळले गेले. आणि त्या जागी जो बसला, त्याला केवळ मानधन नव्हे, तर फलकावर नाव द्यावे. हे दुसरे देणे रोलिंग स्टोन्सच्या वहीत अजून जमा झालेले नाही.