विझलेल्या भट्ट्यांचे नगर

लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडच्या तोंडाशी डोमिनियन नावाचे भव्य नाट्यगृह आहे. त्याच्या दारापासून ही पायपीट सुरू करावी असे मी आग्रहाने सांगेन. कारण अठराव्या शतकात ज्या धंद्याने या महानगरातील सहस्रावधी हातांना काम दिले, धनिकांच्या भांडवलाला वाट दिली आणि सरकारच्या अबकारी खात्यात अखंड भरणा केला, त्या बिअरच्या धंद्याचे वैभव आणि त्या वैभवाच्या छायेत राहणाऱ्यांचे दैव यांची गाठ याच जागेवर पडली. वाटाड्याची गरज नाही. एक नकाशा आणि हाताशी अख्खा दिवस असला म्हणजे येथून थेम्सच्या दक्षिण तीरापर्यंतची वाट ज्याची त्याला सापडते.

येथे पूर्वी म्यूक्स कंपनीची हॉर्स शू नावाची मद्यशाळा होती. त्या काळचे लंडनचे पेय म्हणजे पोर्टर: मोड आणून तांबूस-काळे होईतो भाजलेल्या जवांची कडवट, गडद बिअर, ओझी वाहणाऱ्या हमालांच्या आवडीची म्हणून त्यांच्याच नावाने रूढ झालेली. ती कित्येक महिने मुरवावी लागे, आणि मुरवण्याचे लाकडी पात्र जितके प्रचंड तितका मालकाचा लौकिक मोठा, अशी चुरस कारखानदारांत लागलेली असे. म्यूक्सच्या कोठारातील एक पात्र 22 फूट उंच होते व त्यात 3,500 हून अधिक पिंपे बिअर मावे. गाडीच्या चाकाला धाव चढवतात त्याप्रमाणे लोखंडी पट्टे त्याच्या फळ्या आवळून धरीत. 17 ऑक्टोबर 1814 रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास त्यांपैकी सुमारे 700 पौंड वजनाचा एक पट्टा निसटलेला कोठारावरील कारकुनाच्या दृष्टीस पडला. असे वर्षातून दोन-तीनदा घडतच असे, सबब काळजीचे कारण नाही, असे वरून सांगण्यात आले. त्याने दुरुस्तीसाठी रीतसर चिठ्ठी लिहिली, आणि तासाभराने, ती चिठ्ठी हातात असतानाच, पात्र फुटले.

मागील भिंत कोसळली आणि लोंढा सेंट जाइल्सच्या दाटीच्या, दरिद्री आयरिश वस्तीत शिरला. शेजारच्या टॅव्हिस्टॉक आर्म्स या पबच्या अंगणात भांडी घासणारी 14 वर्षांची मोलकरीण भिंतीखाली गेली. एका तळघरात आदल्या दिवशी वारलेल्या 2 वर्षांच्या बालकाजवळ शोक करीत बसलेली पाच माणसे प्राणास मुकली. एकंदर आठ बळी पडले, आणि ती सारी स्त्रिया व मुले होती. पंचांनी चौकशीअंती मृत्यू अपघाताने व दुर्दैवाने घडल्याचा निर्णय दिला. कंपनीने वाया गेलेल्या मालावर भरलेला अबकारी कर मात्र पार्लमेंटकडे अर्ज करून परत मिळवला. पुढे लोकांनी एक कथा रचली, की गरिबांनी रस्त्यातली बिअर ओंजळीओंजळीने प्याली व धिंगाणा घातला. त्या दिवसांच्या वृत्तपत्रांत याचा मागमूसही नाही. मेलेल्यांवर मागाहून लावलेला हा कलंक आहे, आणि या वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाने तो मनातून पुसून टाकावा असे मला कळकळीने वाटते.

येथून पूर्वेस चिझवेल स्ट्रीटवर व्हिटब्रेडची मद्यशाळा 1750 पासून उभी आहे. भट्ट्या 1976 मध्ये विझल्या. आता तेथे मेजवान्या व सभा भरतात. जवांचे दळण घोड्यांच्या चक्रावर होई, ते काम 1785 साली जेम्स वॉटच्या बाष्पयंत्राकडे आले, व ते पाहण्यास दोन वर्षांनी खुद्द तिसरा जॉर्ज राणीसह येऊन गेला. ते यंत्र 1887 पर्यंत राबले, आणि आज सिडनीच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. ब्रिक लेनवरील ट्रूमनच्या कारखान्याजवळ मी फार रेंगाळत नाही. उंच धुरांड्यावर मालकाचे नाव पांढऱ्या अक्षरांत अद्याप वाचता येते, ते वाचावे आणि गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी पार्लमेंटात झगडणारा थॉमस फॉवेल बक्स्टन याच कारखान्याचा भागीदार होता, हे स्मरून पुढे व्हावे.

खरा ऐवज नदीपलीकडे आहे. लंडन ब्रिज ओलांडून बरो हाय स्ट्रीटच्या एका बोळात शिरले की जॉर्ज इन दिसते: 1676 च्या आगीनंतर बांधलेली, सज्जे असलेली, त्या धर्तीची लंडनात उरलेली एकमेव सराई. चौकाच्या तीन बाजूंनी असलेल्या इमारतीपैकी दोन बाजू रेल्वे कंपनीने पाडल्या. उरलेल्या एका बाजूचे लाकडी सज्जे किंचित वाकले आहेत, आणि त्यांखाली उभे राहून वर पाहिले की घोडागाडीतून उतरलेल्या प्रवाशाने हेच पाहिले असेल, याबद्दल संशय उरत नाही. जवळच साउथवर्क स्ट्रीटवर 1867 साली उघडलेला हॉप्सचा बाजार आहे. बिअरला कडवटपणा देणारी ही फुले केंटच्या मळ्यांतून येत. त्यांच्या तोडणीची शिल्पे दर्शनी भागावर कोरलेली आहेत. समुद्रप्रवासात बिअर नासू नये म्हणून हीच फुले अधिक घालीत, आणि पूर्व लंडनच्या हॉजसनची अशी फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई बंदरात उतरत असे.

तेथून पार्क स्ट्रीट. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहाची मूळ जमीन ज्या आवारात गेली, तो अँकर मद्यशाळेचा विस्तीर्ण परिसर हाच. तिचा मालक हेन्री थ्रेल याच्या घरी कोशकार डॉक्टर जॉन्सन वर्षानुवर्षे राहत असे. थ्रेल वारल्यावर 1781 साली कारखान्याच्या विक्रीची व्यवस्था पाहताना तो महापंडित शाईची दौत व लेखणी कोटाला अडकवून एखाद्या अबकारी कारकुनासारखा लगबगीने फिरत होता, असे त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने नमूद करून ठेवले आहे. विक्री 1,35,000 पौंडांना झाली आणि बार्कले व पर्किन्स ही नव्या मालकांची नावे पुढे पावणेदोन शतके टिकली. सारे कारखाने मालकांच्याच नावांनी ओळखले गेले. भट्टीपाशी घामाने निथळणाऱ्यांचे, पिंपे चढवणाऱ्यांचे नाव कोठेच नाही. म्हणून पार्क स्ट्रीटवरील एक फलक मला या साऱ्या वाटेवरील सर्वांत मोलाचा वाटतो.

ब्रेशिया व हंगेरीतील उठाव निर्घृणपणे चिरडणारा, स्त्रियांनाही फटके मारविणारा ऑस्ट्रियन सेनानी हायनाउ 4 सप्टेंबर 1850 रोजी हा कारखाना पाहण्यास आला. त्याने अभ्यागतांच्या वहीत सही केली, आणि नाव कळताच बातमी आवारभर पसरली. पिंपांच्या गाड्या हाकणारे गाडीवान झाडू घेऊन धावले. त्याच्यावर पेंढा व घाण टाकली, त्याचे कपडे फाडले, त्याला नदीकाठापर्यंत पिटाळले. तो तेथल्या एका पबमध्ये लपून बसला आणि पोलिसांनी त्याला नावेतून सोडविले. ऑस्ट्रियाच्या दरबाराची खप्पा मर्जी झाली. गाडीवानांना मात्र लंडनच्या सामान्य जनतेने डोक्यावर घेतले. चौदा वर्षांनी इटलीचा स्वातंत्र्यवीर गॅरिबाल्डी इंग्लंडला आला, तेव्हा मुद्दाम या कारखान्यात येऊन त्याने त्यांचे आभार मानले. कारखाना 1981 मध्ये पाडला गेला, तेथे आता घरे आहेत. फलक भिंतीवर आहे, आणि त्यात गाडीवानांचा उल्लेख आहे.