मोटार आपोआप भरधाव का सुटते व अशा वेळी काय करावे

पूर्वी वऱ्हाडात ज्या घरापुढे दमणी उभी असे, तेथे आता मोटार उभी असते व गोठ्याशेजारी ट्रॅक्टर असतो. अमरावती ते अकोला ह्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यात आला व त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे वाचकांस स्मरत असेलच. रस्ते सुधारले, वाहने वाढली आणि वेगही वाढला. परंतु ज्या वाहनात आपण मुलांबाळांसह बसतो त्याचा स्वभाव जाणून घेण्याची काळजी आपण त्याच मानाने घेतो काय? बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो व तो बुजरा आहे की काय हे चार जणांस विचारतो. मोटार घेताना मात्र रंग व किंमत पाहून आपले समाधान होते. यास्तव मोटारीच्या एका विशेष धोक्याविषयी, म्हणजे चालकाच्या इच्छेविरुद्ध ती एकाएकी भरधाव सुटण्याविषयी, येथे माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मोटारीचा वेग कसा वाढतो ते पाहू. उजव्या पायाखालचे ॲक्सिलरेटरचे पेडल दाबले म्हणजे पेट्रोलच्या एंजिनात हवेचा पडदा उघडतो व डिझेलच्या एंजिनात तेल अधिक सुटते. जुन्या गाड्यांत व पुष्कळ ट्रॅक्टरांत हे काम तारेने अथवा लोखंडी दांडीने होते. नव्या मोटारींत पेडलापासून विजेचा संदेश निघून गाडीतील संगणकास पोचतो. पाय काढला की एक स्प्रिंग पेडल वर आणते व एंजिन शांत होते. ह्या साखळीतील एखादी कडी अडली तर पाय काढूनही वेग उतरत नाही.

आता असे प्रकार घडतात ते मुख्यत्वे दोन कारणांनी. पहिले, पेडल खरोखरच अडकते. दुसरे, पेडलास काही झालेले नसते. चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेला असतो व आपण ब्रेकच दाबीत आहो अशी त्याची पक्की समजूत असते. ही दोन्ही कारणे नीट निराळी ओळखली पाहिजेत.

पहिल्या कारणाचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराजवळ एक लेक्सस मोटार ताबा सुटून भरधाव गेली व तीतील एकाच कुटुंबाची चार माणसे मृत्यू पावली. चालक स्वतः महामार्ग पोलिसांतील अधिकारी होता. म्हणजे तो नवशिका नव्हता. ती गाडी विक्रेत्याने तात्पुरती वापरावयास दिलेली होती. तीत दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी मॅट घातलेली होती व त्या मॅटीत पेडल अडकले, असे चौकशीत निष्पन्न झाले. पुढे टोयोटा कंपनीने मॅटीच्या दोषास्तव सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना सावध केले. जानेवारी २०१० मध्ये पेडलच चिकटून राहण्याच्या निराळ्या दोषास्तव आणखी सुमारे २३ लाख गाड्या दुरुस्तीस परत बोलाविल्या. विजेच्या यंत्रणेत दोष आहे काय, हे तपासण्यास तेथील सरकारने नासा ह्या अंतराळ संस्थेचे साह्य घेतले. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात तसा दोष आढळला नाही असे सांगण्यात आले. तथापि २०१३ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील एका ज्यूरीने दुसऱ्या एका अपघातात कंपनीसच जबाबदार धरिले. ग्राहकांस दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल कंपनीने २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. सारांश, चालकाने तक्रार केली म्हणजे ती खोटीच असावी असे मानण्याचे कारण नाही.

दुसऱ्या कारणाची उदाहरणेही तितकीच दारुण आहेत. एप्रिल २०१९ मध्ये जपानच्या टोकियो शहरात इकेबुकुरो भागी ८७ वर्षे वयाच्या एका माजी उच्च सरकारी अधिकाऱ्याच्या मोटारीखाली एक माता व तिची तीन वर्षांची कन्या मरण पावली. गाडीतच बिघाड होता असे तो न्यायालयात सांगत राहिला. परंतु त्याने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला असा निर्णय होऊन २०२१ मध्ये त्यास पाच वर्षांची कैद झाली. तो खोटे बोलत होता असेच म्हणता येत नाही. ज्याचा पाय चुकतो त्यास तो चुकला हे कळतच नाही, हीच ह्या दोषातील भयंकर गोष्ट आहे. गाडी पुढे उसळली की तो घाबरून तेच पेडल अधिक जोराने दाबतो आणि गाडी अधिकच धावते.

आपल्या महाराष्ट्रातील प्रसंग तर ताजाच आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री मुंबईत कुर्ला येथे बेस्टची एक इलेक्ट्रिक बस गर्दीच्या रस्त्यात अनेक वाहनांवर व माणसांवर गेली. प्रथम सात जण दगावल्याचे वृत्त आले व पुढे हा आकडा वाढला. ब्रेक निकामी झाले अशी वार्ता आधी पसरली. परंतु परिवहन खात्याच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत आढळल्याचे प्रसिद्ध झाले. चालकाचा पूर्वीचा अनुभव लहान बसांचा होता आणि ह्या क्लच नसलेल्या मोठ्या बसचे शिक्षण त्यास थोडेच दिवस मिळाले होते, असेही वर्तमानपत्रांत आले. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपण घ्यावयाचा बोध एवढाच, की वाहन बदलले तर पायाची सवयही नव्याने घडवावी लागते. गिअरच्या गाडीत डावा पाय क्लचवर असतो व गडबडीत क्लच दाबला तरी एंजिन चाकांपासून सुटते. बिनक्लचच्या गाडीत हा आधार नाही. आपल्याकडेही अशा गाड्या येऊ लागल्या आहेत. तेव्हा जन्मभर ट्रॅक्टर व जीप चालविलेल्या माणसाने मुलाची नवी गाडी एकदम बाजारात नेऊ नये.

आता उपाय सांगतो. बैल उधळला तर कासरा हाती असतो. मोटारीस तीन कासरे आहेत.

पहिला ब्रेक. सुस्थितीतील ब्रेक एंजिनाच्या पूर्ण जोरासही पुरून उरतात. मात्र गाडी थांबण्यास अंतर अधिक लागते. ब्रेक एकदाच, सर्व बळ लावून दाबावा व दाबूनच धरावा. पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नये. कारण पेट्रोलच्या गाडीत ब्रेकास साह्य करणारी निर्वात शक्ती एंजिनापासून मिळते व पेडल पूर्ण दाबलेल्या स्थितीत ती नवी उत्पन्न होत नाही. चार वेळा पाय उचलला की साठा संपून ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. तसेच अर्धवट ब्रेक दाबून मैलभर जाऊ नये. तापलेला ब्रेक पकड सोडतो.

दुसरा कासरा न्यूट्रल. क्लच दाबून गिअर मोकळा करावा; बिनक्लचच्या गाडीत दांडा 'डी' वरून 'एन' वर सारावा. एंजिन किंचाळेल, परंतु चाकांस जोर मिळणार नाही. आम्ही ह्या उपायास सर्वांत श्रेष्ठ मानतो, कारण तो दोन्ही कारणांवर चालतो. पेडल अडकले असो वा पाय चुकला असो, न्यूट्रल करणारा हात असतो, आणि हातास पायाप्रमाणे भ्रम होत नाही. शिवाय ब्रेक दाबताच गाडी अधिक धावू लागली, तर पाय चुकीच्या जागी आहे असे समजून तो तत्काळ उचलावा व पुन्हा डावीकडे शोधून ठेवावा.

तिसरा कासरा एंजिन बंद करणे. पण तो शेवटी. किल्ली एकच घर मागे फिरवावी, बाहेर काढू नये. काढल्यास स्टिअरिंग अडकते. बटणाच्या गाडीत चालत्या स्थितीत बटण काही सेकंद दाबून धरावे लागते; आपल्या गाडीची रीत पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावी. एंजिन बंद होताच स्टिअरिंग जड होते, हे ध्यानात ठेवून दोन्ही हातांनी धरावे.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. हात-थ्रॉटल अथवा दांडी अडकल्यास क्लच दाबून एंजिन बंद करण्याचा दट्ट्या ओढावा. परंतु डिझेलचे एंजिन कधी कधी तेल बंद करूनही थांबत नाही, उलट काळा-निळा धूर ओकीत वाढत्या वेगाने फिरू लागते. एंजिनात ऑइल प्रमाणाबाहेर भरलेले असते, किंवा तेलाच्या एअर फिल्टरमधील ऑइल आत ओढले जाते, किंवा टर्बो गळतो; अशा वेळी एंजिन आपलेच ऑइल जाळीत असते. त्याची हवा कोंडणे हाच उपाय. हवेच्या नळीवर जाड फळी दाबावी; हात किंवा सैल कापड कदापि लावू नये. जवळ जाणे धोक्याचे वाटल्यास दूर व्हावे. एंजिन पुन्हा मिळते. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेक-पेडले जोडून घ्यावीत, हेही विसरू नये.

तथापि प्रसंग न येऊ देणे केव्हाही बरे. मॅट त्याच गाडीची असावी, खाली आकड्यात अडकविलेली असावी व मॅटीवर मॅट घालू नये. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली, नारळ अथवा बियाण्याची पिशवी ठेवू नये. बाटली घरंगळून ब्रेकखाली गेली की ब्रेक दबत नाही. पावसाळ्यात आपली काळी माती जोड्यास पायलीभर चिकटते. तोच पाय पेडलावर ठेवल्यास तो घसरतो, म्हणून गाडीत चढण्यापूर्वी माती खरवडावी. टाच नसलेली सैल चप्पल काढून मागे ठेवावी. जुन्या गाडीची तार गंजलेली, उसवलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली नाही हे पाहावे. पाय काढताच पेडल झटकन वर येत नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.

आमचा जन्म महसुली दप्तरात गेला. म्हणून पुराव्याविषयी दोन शब्द लिहितो. अपघात झाल्यास जखमींची व्यवस्था आधी लावावी. नंतर गाडी हलविण्यापूर्वी मॅट कोठे होती, पेडल वर होते की खाली, गिअर कोणता होता, पायात काय होते, ह्यांची छायाचित्रे घ्यावीत व पंचनाम्यात हे सर्व लिहिण्याचा आग्रह धरावा. पुष्कळ पंचनाम्यांत 'ब्रेक फेल' किंवा 'चालकाचा ताबा सुटला' एवढेच शब्द असतात व त्यांवरून पुढे काहीच ठरत नाही. गाडीच्या दोषाचा संशय असल्यास ती धुऊ नये, दुरुस्त करू नये. मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी होऊ द्यावी. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये सदोष वाहने परत बोलाविण्याची आज्ञा देण्याचा अधिकार केंद्र सरकारास मिळाला असून तत्संबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांस लागू आहेत. एकट्याची तक्रार लहान असते. अनेकांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या तरच हा अधिकार कामी येतो. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे.

शेवटी एक विनंती. सुगी आटोपल्यावर खळे रिकामे होते. तेथे, माणसे व जनावरे दूर ठेवून, मंद गतीने गाडी चालवीत हात न पाहता न्यूट्रलवर नेण्याचा व ब्रेक एकदम दाबण्याचा अभ्यास घरातील प्रत्येक चालकाने दहा-वीस वेळा करावा. मुलांनी करावा तसा वडीलधाऱ्यांनीही करावा. ऐन प्रसंगी विचार करण्यास वेळ नसतो. जी सवय अंगी असेल तीच उपयोगी पडते. ह्यास खर्च काही नाही, एक सकाळ पुरे. आमच्या वाचकांपैकी दहा जणांनी जरी ती सकाळ ह्यासाठी राखली, तरी ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.