वेगळी निघालेली फांदी

मैत्रिणींनो, उन्हाळा जवळ आला की मंडईत द्राक्षांचे ढीग लागतात. आम्ही शनिवार पेठेतल्या बायका लांबट 'सोनाका' चाखून, भाव पाडून घेतो. पण ही सोनाका आली कुठून, हे विचारायचं मात्र राहून जातं!

बिनबियांच्या द्राक्षाला बीच नाही, तेव्हा नवी वेल करायची ती काडी लावून किंवा कलम करून. म्हणजे बागेतल्या सगळ्या वेली एकाच साच्यातल्या करंज्या. बीपासून झालेल्या झाडात आईचं थोडं, बापाचं थोडं उतरतं, आपल्या मुलांत उतरतं तसंच. काडीत ती गंमत नाही. तरीही डोळा फुटताना एखाद्या पेशीत जनुकांची नक्कल जराशी चुकते आणि एकाच फांदीला वेगळे मणी लागतात. याला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक वेळा त्यातून काही चांगलं निघत नाही, हेही खरं.

पण कधी निघतंही. थॉम्पसन सीडलेस या जातीतूनच सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका निवडली आणि सांगलीकडच्या बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी तास-ए-गणेश. काळी 'शरद'सुद्धा काळ्यांचीच. मला कौतुक वाटतं ते त्या नजरेचं. हातात छाटणीची कात्री असताना "ही फांदी बिघडली" न म्हणता "हिला राहू दे, बघू या" म्हणायचं, हे सोपं नाही हं!

सगळं एकसारखं असलं की दिसायला छान, पण रोग आला की पंचाईत. आयर्लंडमध्ये गोरगरिबांचं पोट बटाट्यावर, आणि तोही बहुतेक एकाच जातीच्या. १८४५ साली त्यावर करपा पडला. एका बटाट्याला जो झेपला नाही तो शेजारच्यालाही झेपला नाही. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं गेली. निरनिराळ्या जाती असत्या तर थोडं तरी पीक हाती लागलं असतं.

विचारांचंही असंच आहे. आमच्या पेठेत रमणबाग शाळा आहे. न्यू इंग्लिश स्कूल हे नाव १८८० पासूनचं, चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी लावलेलं. त्यातले आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. पण समाजसुधारणेवर पटेना म्हणून ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. मुलींना मुलांसारखंच शिकवा, बालविवाह थांबवा, असं ते लिहीत. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली! माझ्यासारखी बाई बी.ए. होऊन शाळेत अर्धवेळ शिकवते, ती या छाटू पाहिलेल्या फांदीमुळेच. अर्थात प्रत्येक नवा विचार चांगलाच असतो असं नाही. द्राक्षासारखा तोही चाखूनच घ्यावा लागतो.

आता आपल्या घरात काय होतं पाहा. सून आमटीत गूळ घालत नाही, की लगेच "आमच्याकडे असं करत नाहीत." पोरानं वजाबाकी डावीकडून सुरू केली, उत्तर बरोबर आलं, तरी पुस्तकातली रीत नाही म्हणून वहीत लाल फुली. माझ्या वर्गातली एक मुलगी तशीच गणितं करते. मी तिला फळ्यापाशी बोलावते, "सगळ्यांना समजावून सांग" म्हणते. कधी तिची रीत मोठ्या आकड्यांत अडकते, कधी आमच्यापेक्षा आधी उत्तर येतं. गेल्या आठवड्यापासून मागच्या बाकावरचे दोघं तिच्यासारखं करून पाहताहेत.